दहा मिनिटं पुढं

वस्तीवरची कुत्री गावात येऊन पारावर झोपायला लागली, की समजावं उसाचा हंगाम सुरू झाला. दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरलेले नसतात आणि तिकडं वस्तीवर ट्रॅक्टर लागतात. पत्रे, चुली, कोंबड्या, गोधड्या, पाण्याचे ड्रम, आणि सगळ्यात वर पोरं. ट्रॉली हलली की मागं राहिलेली म्हातारी माणसं हात हलवत नाहीत, नुसती बघत बसतात. दारांना काटेरी फांद्या लावलेल्या असतात, चोरासाठी नव्हे, शेळ्यांसाठी. चोरानं न्यावं असं आत काही नसतंच. मग चार-पाच महिने वस्तीवरून धूर निघत नाही. आमच्या वाट्याचा धूर तिकडं श्रीगोंद्याकडं, कारखान्याच्या चिमणीतून निघतो.

यंदाही कुत्री आली. त्यात यंदा निवडणूकही आली. ही दोन्ही एकदम आली की माझा डावा हात आपोआप खिशात जातो, कारण त्या हातात घड्याळ असतं.

आमचं गाव पाथर्डीच्या पुढं, डोंगराच्या कडेला. जमीन आहे, जमिनीत दगड आहेत, दगडाखाली पाणी नाही. म्हणून अर्धं गाव ऊस तोडायला जातं आणि उरलेलं अर्धं त्यांची वाट बघतं. मी वाट बघणाऱ्यांतला. नाव शमुवेल. आजोबांच्या काळापासून आम्ही चर्चमध्ये जातो, पण गावाला ते नाव तोंडात बसेना, म्हणून गावानं माझा शामूमामा केला. धंदा विम्याचा. माणसाच्या मरणाची आधीच बोलणी करून ठेवणारा मी माणूस, तरी लोक मला चहा पाजतात, हा त्यांचा मोठेपणा.

मागच्या निवडणुकीला सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं. आधीचे सरपंच, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी आपल्या सौभाग्यवतींचा फोटो काढून घेतला आणि स्वतः हात जोडून प्रचाराला निघाले. समोर उभं राहायला कोणी नव्हतं. मग वस्तीवरची हौसाबाई उभी राहिली. स्वतः ऊसतोड करणारी, नवरा बबन, तोही मुकादमाच्या टोळीत. तिचं मागणं एकच होतं. शाळेशेजारी ग्रामपंचायतीची एक मोठी खोली आहे. तिला कुलूप होतं आणि आत अण्णांच्या सिमेंटच्या गोण्या होत्या. ती खोली उघडायची आणि हंगामापुरतं पोरांचं वसतिगृह करायचं. आईबाप उसाच्या फडावर गेले तरी पोरं गावात राहतील, शाळा बुडणार नाही. गुरुजी तयार होते, वरून धान्यही मिळणार होतं. नव्हती ती फक्त खोली.

आणि हे सगळं मुळात मंगलसाठी होतं, हे लपलेलं नव्हतं. मंगल म्हणजे हौसाबाईची मुलगी, तेव्हा सातवीत. दरवर्षी अर्धी शाळा फडावर घालवून उरलेल्या अर्ध्यात पहिली येणारी. मी विम्याचे हप्ते गोळा करायला वस्तीवर गेलो, की माझ्या हातातला कागद ओढून घ्यायची आणि मोठ्यानं वाचायची. एकदा म्हणाली, "मामा, ह्यात समदं मेल्यावरचंच हाय. जित्या मानसाला काय मिळतं?" मी म्हणालो, "जित्या माणसाला मी मिळतो." ती म्हणाली, "मंग मेलेलंच बरं."

हौसाबाई म्हणायची, "शामूभाऊ, मला सरपंच न्हाई व्हायचं. मला त्या खोलीची किल्ली पायजे. ती सरपंचाच्या कमरेला असती, म्हून उभी राहिले."

तिला निशाणी मिळाली शिट्टी. मी तिचा प्रचारप्रमुख झालो, म्हणजे दुसरं कोणी झालं नाही. शिट्टी फुंकत गल्लोगल्ली फिरलो. पहिल्या दिवशी कुत्री मागं लागली, दुसऱ्या दिवशी शाळेतली पोरं कवायतीला उभी राहिली. एस्तेर, माझी बायको, म्हणाली, "अहो, घरात तरी फुंकू नका. दूध नासतंय."

हंगामात मतदान, म्हणजे हौसाबाईची मतं सगळी श्रीगोंद्याकडं, काष्टीच्या पलीकडं उसात. ती आणण्याचं काम मी छाती पुढं काढून अंगावर घेतलं.

मतदानाच्या दिवशी भल्या पहाटे टेम्पो घेऊन निघालो. तेव्हा वाटेतलं नगर नगरच होतं, आता पाट्यांवर अहिल्यानगर आहे. थंडी होती. श्रीगोंदा जवळ आलं तसा मळीचा वास सुरू झाला. तो वास गोड नसतो, आंबटही नसतो. आजारी माणसाच्या खोलीत कोणी गुळाचा चहा केला तर येईल तसा असतो. कारखान्याच्या बाजूनं काळी कणी उडत होती आणि माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर बसत होती. फडात पोचलो तेव्हा वस्तीची माणसं उसात दिसेनात, नुसता कोयत्यांचा आवाज येत होता. सपक, सपक. पाचटानं सगळ्यांचे हात सोललेले. एका ओढणीच्या झोळीत बाळ झोपलेलं.

मी म्हणालो, "चला, टेम्पो आणलाय."

मुकादम म्हणाला, "ट्रॉली अर्धी हाय. आधी गाडी भरा आन मग लोकशाही करा."

ते बरोबरच होतं. अर्धी ट्रॉली सोडून कोणी हलत नाही. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं, आणि कारखान्याचा नंबर हुकला तर दुसरा मिळत नाही. इथं मी गप्प बसून बिडी ओढली असती तर गावाचा इतिहास वेगळा झाला असता. पण मला मदतीची हौस. बबन म्हणाला, "शामूभाऊ, तुमी बसा." मी बसलो नाही. कोयता मला कोणी देईना, तेव्हा मी मोळ्या बांधायला घेतल्या.

मोळी बांधतात ती उसाच्याच हिरव्या वाढ्यानं, म्हणजे शेंड्याच्या पानांनी. त्याला एक पीळ देतात आणि टोक आत खोचतात. मला पीळ काही जमेना. मग मी बुटाच्या नाडीची गाठ मारली. दिसायला सुरेख. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला वाटलं, कौतुक आहे.

ट्रॉली भरली, ट्रॅक्टर निघाला, आम्ही टेम्पोत चढलो. पुढं कालव्याच्या भरावावर ट्रॉलीला पहिला दणका बसला आणि माझ्या मोळ्या सुटल्या. फक्त माझ्याच. रस्त्यावर ऊस असा पसरला, की कोणाची मोळी म्हणून विचारायची गरज राहिली नाही. ट्रॅक्टरवाला खाली उतरून माझ्याकडं बघत राहिला. सगळे टेम्पोतून उतरले, ऊस गोळा केला, पुन्हा बांधला, पुन्हा वर चढवला. मी मदतीला पुढं झालो, तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "लेकरा, तुझ्या पाया पडते, तू बस."

गावच्या शिवेवर हापसा आहे. तिथं बायकांनी टेम्पो थांबवायला लावला. फडावरून येणारी बाई तोंड धुतल्याशिवाय, साडी बदलल्याशिवाय गावात पाय टाकत नाही. कधीच नाही. हातातोंडाला काजळी, केसांत पाचट, अशा अवतारात सासरच्या माणसांपुढून जायचं? मी घाई केली, तर एक म्हणाली, "मत द्याया चाललो, चोरी कराया न्हाई." त्यांनी आळीपाळीनं पाणी हापसलं, चेहरे धुतले, कुंकू लावलं, आडोसा करून लुगडी बदलली. थंड पाण्यानं लाल झालेले ते चेहरे मला अजून दिसतात. लग्नाला निघाल्यासारखे.

शाळेच्या फाटकापाशी पुरुष उड्या मारून उतरले आणि आत गेले. बायकांना टेम्पोतून उतरायला वेळ लागला. त्या नऊ होत्या. त्या फाटकाशी आल्या आणि पोलिसानं फाटक ओढून घेतलं.

"वेळ संपली," तो म्हणाला.

मतदान साडेपाचपर्यंत. वेळ संपायच्या आत जो आवारात आला त्याला चिठ्ठी मिळते, मग त्याचं मत रात्र झाली तरी घेतात. वेळ संपलेली नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं. आकाशात ऊन होतं, आणि टेम्पोतून उतरताना मी मोबाईलवर पाहिलं होतं. पण मोबाईल केंद्राजवळ नेता येत नाही, म्हणून तो ड्रायव्हरकडं दिलेला, आणि ड्रायव्हर टेम्पो घेऊन लांब गेलेला. मी चिडलो. चिडलो की मला हातवारे करायची सवय आहे. डावा हात पोलिसाच्या नाकापुढं नेला आणि म्हणालो, "बघा, किती वाजलेत बघा."

त्यानं बघितलं. मग शांतपणे म्हणाला, "काका, तुमच्याच घड्याळात साडेपाच वाजून गेलेत."

माझं घड्याळ दहा मिनिटं पुढं असतं. कायमचं. तरुणपणी माझी रोज एसटी चुकायची, तेव्हापासून मी ते पुढं लावतो आणि तरीही एसटी चुकते, कारण ते पुढं आहे हे मला माहीत असतं. नेमकं त्या दिवशी हात पुढं करताना मला ते आठवलं नाही.

"अहो, ते पुढं आहे," मी म्हणालो.

फाटकाच्या आत अण्णांची माणसं उभी होती. ती हसली. पोलीसही हसला. खरं सांगतो, दुसऱ्या कोणाची गोष्ट असती तर मीही हसलो असतो. हौसाबाई आतून धावत आली, गज धरून उभी राहिली. आत ती आणि बाहेर नऊ धुतलेले चेहरे, आणि मध्ये मी, मनगट वर धरून.

दोन मतांनी पडली.

मतमोजणी तहसील कार्यालयात झाली. आकडा ऐकला तसा मी फेरमोजणीचा अर्ज खरडून दिला. मोजणीवरचा साहेब भला माणूस होता, त्यानं लगेच मंजूर केला. हौसाबाई पदर खोचून सरसावून बसली. साहेबांनी यंत्राचं बटण पुन्हा दाबलं. तेच आकडे पुन्हा आले. संपलं.

हौसाबाई म्हणाली, "झालं? फेरमोजनी म्हंजी आमाला परत इचारनार न्हाईत व्हय?"

"बाई, यंत्रात जे आहे तेच परत मोजतात."

"आन फाटकाभाईर हुत्या त्या?"

साहेबांनी चष्मा पुसला. "त्यासाठी कोर्टात जावं लागेल."

गुलाल बाहेर उडत होता. आम्ही मागच्या दारानं निघालो तरी थोडा आमच्याही अंगावर पडला. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "कोण आलं निवडून?" हौसाबाईच्या कपाळावर गुलाल होता. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

खोलीचं कुलूप निघालं नाही. दोन दिवसांनी हौसाबाई फडावर गेली आणि बरोबर मंगलला घेऊन गेली. मागं ठेवायचं कोणाजवळ? मी टेम्पोपर्यंत पोचवायला गेलो होतो. मंगलनं दप्तर आधी गोधड्यांवर ठेवलं, मग काय वाटलं कोण जाणे, गोधड्यांच्या खाली सरकवलं. मी म्हणालो, "कोर्टात जातोय आपण. निकाल लागला की खोली उघडेल." तिनं विचारलं, "परीक्षेच्या आदी लागंल का?" मी म्हणालो, "लागेल." विम्याच्या धंद्यात सवय होते ठामपणे बोलायची.

कोर्टाचं आवार मला आवडलं, हे कबूल केलं पाहिजे. लिंबाची झाडं, टायपिंगचे आवाज, कॅन्टीनचा आल्याचा चहा. पहिल्या वर्षी मी इस्त्रीचे कपडे घालून जायचो. दुसऱ्या वर्षी चहावाला मला साखर न विचारता देऊ लागला. तारीख पडायची ती नेमकी हंगामात किंवा पेरणीत, दुसऱ्या वेळा बहुधा कोर्टालाही सुट्टी असते. साक्षीला नऊ बायका हव्यात, तर त्या उसात. त्या आल्या तर समोरचा वकील आजारी. तो बरा झाला तर न्यायाधीशांची बदली. कोणी वाईट वागत नव्हतं, हे लक्षात घ्या. सगळे आपापल्या जागी सभ्य होते. एका न्यायाधीशांनी तर हौसाबाईला बसायला खुर्ची द्यायला लावली. ती म्हणाली, "एवढ्यासाठीच आल्ते जनू."

मग माझी साक्ष निघाली. रात्रभर मी पाठ केलं होतं. मतदान संपायच्या आत फाटक बंद झालं, माझं घड्याळ दहा मिनिटं पुढं असतं, मोबाईल मी स्वतः पाहिला. देवाला स्मरून शपथ घेतली. समोरच्या वकिलानं फार गोड आवाजात सुरुवात केली.

"तुमचं घड्याळ नेहमी दहा मिनिटं पुढं असतं?"

"नेहमी."

"म्हणजे चुकीची वेळ दाखवतं."

"चुकीची नाही. पुढची."

"आत्ता हातात आहे ते तेच?"

"तेच," मी अभिमानानं म्हणालो.

"किती वाजलेत त्यात?"

मी पाहिलं. मी सांगितलं. सांगता सांगता माझी नजर न्यायाधीशांच्या डोक्यावरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं गेली. दोन्ही काटे जुळत होते. मिनिटाचाही फरक नव्हता.

"आज कुठं गेली ती दहा मिनिटं?" वकील म्हणाला.

मी घड्याळ कानाला लावलं. का लावलं, देवाला ठाऊक. कोर्टात हशा झाला, न्यायाधीशांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

घरी आल्यावर एस्तेरला विचारलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा मी बरोबर लावलं. शपथ घ्यायची होती ना तुम्हाला? हातात खोटं घड्याळ घालून शपथ घ्यायची का?" तिच्या बोलण्यात चूक काढायला मला आजही जागा सापडलेली नाही.

मंगल त्या वर्षी परीक्षेला बसली नाही. पुढच्या वर्षी वर्गात बसायला लाजली, कारण बाकीची पुढं गेलेली. त्याच्या पुढच्या वर्षी तिच्या हातात कोयता आला. मग लग्न झालं, वस्तीतल्याच पोराशी, कारण मुकादमाला जोडी लागते. एकट्या माणसाला फडावर कोणी घेत नाही. मी लग्नाला गेलो होतो, जिलबी खाल्ली. भेटेल त्याला आधी वय विचारणं हा माझा धंदा. त्या मांडवात मी कोणालाही वय विचारलं नाही.

कोर्टातल्या अर्जाचं काय झालं, तर सरपंचांची पाच वर्षं भरली. मुदत संपली, ग्रामपंचायतीवर प्रशासक बसला, आणि एका तारखेला कोर्टानं सांगितलं, की आता ते पदच संपल्यामुळं या अर्जात ठरवण्यासारखं काही राहिलेलं नाही. अर्ज निकाली. मी आमच्या वकिलाला विचारलं, "म्हणजे हरलो का?" तो म्हणाला, "नाही नाही, हरलो नाही." "मग जिंकलो?" तो फाईल बांधायला लागला. त्याची गाठही माझ्यासारखीच होती, बुटाच्या नाडीची.

हौसाबाईला फोन लावला. ती फडावर होती, मागं कोयत्यांचा आवाज येत होता. मी सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी शामूभाऊ, त्या पाच वर्सांत मी सरपंच हुते का नव्हते?"

मी म्हणालो, "ते कोणी सांगितलेलं नाही."

"बरं," ती म्हणाली. "ठेवते. गाडी आली."

यंदा जागा राखीव नाही. एकीकडं अण्णांचा मुलगा उभा आहे, दुसरीकडं पुतण्या. हौसाबाईला कोणी विचारलं नाही, तिनंही कोणाला विचारलं नाही. मी या वेळी लांब राहायचं ठरवलं होतं, पण मंगलचा फोन आला. "मामा, माझं नाव लागलंय यादीत. टेम्पो आना."

"कुणाला देणार मत?"

"खोली उघडंल त्याला."

"विचारलंस दोघांना?"

"इचारलं की. दोघंबी हो म्हन्ले."

काल गेलो होतो आणायला. ट्रॉली अर्धीच होती. मी टेम्पोतून उतरलो, तशी मंगल लांबूनच ओरडली, "मामा, हात लावू नका कशाला." मी बांधावर बसलो आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले. तिचं बाळ झोळीत झोपलं होतं, त्याला झोका देण्याचं कामही तिनं मला दिलं नाही. काजळी उडत होती, तोच वास होता. ती पीळ देत होती आणि टोक आत खोचत होती. न बघता.

या वेळी बायकांनी पाण्याचा ड्रम टेम्पोतच घेतला होता. हापशावर थांबायचं नाही, हे त्यांनीच ठरवलेलं. चालत्या टेम्पोत त्यांनी तोंडं धुतली. पाणी मागं रस्त्यावर सांडत होतं, निम्मं एकमेकींच्या अंगावर, आणि त्या खिदळत होत्या. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसून आरशात बघत होतो. त्या जुन्या नऊ जणींतल्या दोघी आता नाहीत.

फाटक सताड उघडं होतं. रांग अशी नव्हतीच. पोलीस खुर्चीवर बसून शेंगा खात होता. मतदान सातवीच्या वर्गात होतं. मंगल बाळाला माझ्याकडं देऊन आत गेली आणि बोटाला शाई लावून लगेच बाहेर आली. जरा थांबली, मागं वळून दारातून आत बघितलं.

"मामा, बाकं नवीन आलीत."

शेजारच्या खोलीला कुलूप होतं. नवीन होतं तेही.

"किती वाजलं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं.

"खरं का तुमचं?"

"खरं," मी म्हणालो. "आता खरंच लावतो मी."

"मंग लई येळ हाय." ती वर्गाच्या पायरीवर बसली, बाळाला मांडीवर घेतलं, आणि शाई वाळावी म्हणून बोट हवेत धरून राहिली. बाळ त्या बोटाकडं बघत होतं. तिकडं टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला, फडावर दुसरी ट्रॉली लागायची होती. तिनं ऐकलं नाही असं केलं. त्यानं पुन्हा दिला. मग ती उठली.